रकान्याच्या आधी मूल

चि. नव्या पर्यवेक्षिकेस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या बीटमधल्या, म्हणजे तुझ्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांमधल्या, सेविका आता तुला ‘मॅडम’ म्हणत असतील, पण मी एकेरीतच लिहिणार आहे. तुझे पत्र दोनदा वाचले. 14 महिन्यांची मुलगी अजून पाऊल टाकत नाही. आजी म्हणते, ‘हिचा बापही उशिराच चालला, होईल हळूहळू’. शेजारीण वॉकर आणायला सांगते. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत चालण्यापुढे 12 महिने असा आकडा आहे. आणि तू विचारतेस की रकान्यात ‘विलंब’ लिहू की ‘सामान्य’. चार पानांच्या पत्रात मुलीविषयी एवढेच आहे. ती कशाला धरून उभी राहते का, बसल्या जागेवरून हव्या त्या वस्तूपर्यंत कशी पोहोचते, आईने मागून हाक मारली तर वळते का, दिवस भरून जन्मली की आधी, यातले काहीही नाही. त्यामुळे तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकत नाही, आणि स्पष्टच सांगते, तूही देऊ शकत नाहीस, कारण तू अजून ती मुलगी पाहिलेली नाहीस. तू फक्त तिची जन्मतारीख पाहिली आहेस.

आधी आकड्याचे बोलू. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली बालकांच्या वाढीची जी मानके दिली, त्यांच्याबरोबर हालचालींच्या सहा टप्प्यांचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. पाच देशांतली निरोगी मुले त्यात होती, दिल्लीतलीही होती. आधाराशिवाय चालण्याचे वय त्यात 8.2 महिन्यांपासून 17.6 महिन्यांपर्यंत पसरलेले आहे आणि आधाराशिवाय बसण्याचे 3.8 पासून 9.2 पर्यंत. शंभरातली चारेक मुले तर हातगुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. कोणी ढुंगणावर सरकत गेले, कोणी बसल्याचे थेट उभे राहिले, आणि सगळी धडधाकट होती. तेव्हा 12 हा आकडा म्हणजे काही वेस नव्हे आणि 14 महिने हे वय एकटे काहीच सांगत नाही. मात्र म्हणून आजी बरोबर ठरत नाही. ती मुलगी खाटेच्या कडेला धरून आडवी पावले टाकत असेल, खाली पडलेला चमचा वाकून उचलून पुन्हा सरळ होत असेल, तर तिला तिच्या गतीने जाऊ दे. पण उभे धरल्यावर तिचे पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर येत असतील, किंवा एक मूठ सतत मिटलेली असून सगळे काही दुसऱ्याच हाताने चालले असेल, तर पंधरावा महिना उजाडण्याचीही वाट पाहू नकोस. वर्षाच्या आत मूल एकच हात वापरू लागले की घरचे कौतुकाने ‘डावरा होणार’ म्हणतात. अशा वेळी दुसऱ्या हातात काही उणे तर नाही ना, हे पाहायचे असते. आणि ती दोन महिने आधी जन्मली असेल, तर 14 मधून दोन वजा कर. दोन वर्षांची होईपर्यंत हा हिशेब धरावा लागतो.

‘होईल हळूहळू’ आणि ‘विलंब’ ही दोन्ही उत्तरे न पाहताच देता येतात, म्हणून तर ती इतकी लोकप्रिय आहेत. आधी मूल पाहा. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा लिहिणार आहे, कंटाळलीस तरी चालेल.

वॉकरविषयी थोडक्यात. त्या चाकांच्या प्लास्टिकच्या रिंगणात मूल झोळीत लोंबते, चवड्यांनी जमीन ढकलते, स्वतःचा भार पायांवर घेत नाही आणि उंबरठा किंवा पायरी आली की सरळ कोसळते. कॅनडाने 2004 साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो ढकलायला मुलाला आधी स्वतः उभे राहावे लागते. बुडापेस्टमध्ये एमी पिकलर या बालरोगतज्ज्ञ बाईंनी 1946 पासून जे अनाथालय चालवले, तिथला दंडकच असा होता की मूल ज्या स्थितीत स्वतःहून पोहोचत नाही, त्या स्थितीत त्याला बसवायचे वा उभे करायचे नाही. आपल्याकडे पाचव्या महिन्यात चार उशा लावून बाळ बसवतात आणि फोटो काढतात. माझे म्हणणे एवढेच की गोधडी किंवा चटई जमिनीवर अंथरा, बाळ जागे असताना काही वेळ पालथे ठेवा आणि बाजूला बसा.

बसून काय पाहायचे, ते सांगते. जव्हारकडच्या एका पाड्यावर मी एका दहा महिन्यांच्या मुलासमोर अर्धा तास बसले होते. त्याच्या पुढ्यात स्टीलची वाटी आणि एक चमचा होता. आधी वाटी तोंडात गेली. मग डाव्या हातातून उजव्या हातात आली, जमिनीवर आपटली, आवाज झाला, त्याने माझ्याकडे पाहिले, पुन्हा आपटली आणि पुन्हा माझ्याकडे पाहिले. मला ते ऐकू आले की नाही, याची त्याला चौकशी होती. मी चमचा फडक्याखाली लपवला. क्षणभर थांबून त्याने फडके ओढले. डोळ्यांआड गेलेली वस्तू संपलेली नसते, हे त्याला कळलेले होते, आणि चार महिन्यांपूर्वी ते कळत नव्हते. मग गोधडीवर सांडलेले भाताचे एक शीत त्याला दिसले. संपूर्ण पंजा आधी त्या शितावर गेला, बोटे मागे आली, आणि अंगठा व तर्जनी यांच्या टोकांत ते शीत नीट धरून त्याने ते आईच्या तोंडाकडे नेले. आईने खाल्ल्याचा अभिनय केला तेव्हा तो खदखदून हसला. डोळे, कान, बोटे, स्मरण, माणसाची ओळख आणि देण्याघेण्याचा आनंद, सगळे त्या अर्ध्या तासात माझ्यापुढे मांडलेले होते. माझ्या हातातल्या नोंदीच्या छापील नमुन्यात त्यासाठी ‘होय/नाही’ एवढी जागा होती. आधी मूल पाहा.

कानांच्या बाबतीत मला जास्त लिहायचे आहे, कारण सर्वांत महागडा उशीर तिथे होतो. ज्या बाळाला ऐकू येत नाही तेही सुरुवातीचे काही महिने ‘अऽऽ’, ‘ऊऽऽ’ असे हुंकारते, हसते, आईच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहते, त्यामुळे घरात कोणालाच शंका येत नाही. फरक पडतो तो सहासात महिन्यांनंतर. इतर बाळांचे ‘बाबाबा’, ‘दादादा’ सुरू होते, आणि याचे होत नाही किंवा जे होते तेही ओसरते. तेव्हा घरचे म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात. दीड वर्ष जाते, दोन जातात. खरे तर जन्मल्यापासून एक महिन्यात तपासणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र व उपचार, अशी शिस्त तज्ज्ञांनी घालून दिलेली आहे. भाषेला मेंदूत बस्तान बसवायला मिळणारा काळ तोच आहे.

आणि कृपा करून सेविकांना थाळी वाजवून ‘ऐकू येते’ असे लिहू देऊ नकोस. थाळीचा आवाज मोठा असतो, हादरा जमिनीतून पोहोचतो, वाजवणाऱ्याचा हात किंवा सावली दिसते, आणि ज्याला बोलणे ऐकू येत नाही असेही मूल त्या दणक्याने दचकते. मूल आईच्या मांडीवर शांत बसलेले असताना त्याला दिसणार नाही अशा बेताने मागून बाजूला ये, वाटीच्या कडेला चमचा हलकेच फिरव, कागद चुरगळ, त्याचे नाव कुजबुजत्या आवाजात घे. डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा. याने निदान होत नाही, ते यंत्रावरच होते. पण पुढे पाठवायचे की नाही, एवढे तुला कळते. 16 महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘आई दे’ अशी दोन शब्दांची जोडणी नाही, किंवा कोणत्याही वयात आलेले बोलणे, आलेली नजरानजर परत गेली, तर तिथे माझा ‘गतीने जाऊ दे’ हा सल्ला बाद समज.

वजनाकडे येते. तू लिहितेस की तुझ्या बीटमध्ये वजने ‘शंभर टक्के’ झाली. फार छान, परंतु ती वजने आहेत की बेरजा? लटकत्या काट्याच्या झोळीत मूल रडते, काटा थरथरतो, बाहेर इतर आया खोळंबलेल्या असतात, आणि मागच्या महिन्याच्या आकड्यात दोनशे ग्रॅम मिळवून टाकण्याचा मोह कोणालाही होतो. एका वजनाने तसेही फार कळत नाही. रेषा पाहावी लागते. बाळाचे वजन जन्मानंतरच्या दिवसांत थोडे उतरते, दोन आठवड्यांच्या आत भरून येते, साधारण पाचव्या महिन्यात दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होते. तक्त्यावर खालच्या बाजूला असूनही वक्राला समांतर चढणारे मूल मला तितकेसे घाबरवत नाही, जितके वर असून दोन महिने आडवी रेषा काढणारे मूल घाबरवते. ही रेषा बहुधा सहाव्या महिन्यानंतर आडवी होते, जेव्हा आईचे दूध एकटे पुरत नाही आणि वाटीत मात्र डाळीचे वरचे पाणी येते. घट्ट वरणभात, त्यावर तेल किंवा तूप, अंडे, कुस्करलेले केळे, हे सांगायला पर्यवेक्षिका लागत नाही; ते वाटीत खरोखर येते का हे पाहायला लागते.

उंचीचेही तसेच. दोन वर्षांच्या आत निजवून मोजायचे आणि नंतर उभे करून. उभ्याने माप सुमारे 0.7 सेंटिमीटर कमी भरते, म्हणून दुसऱ्या वाढदिवसानंतर मूल ‘आखूड झाले’ म्हणून धावपळ करू नकोस. राज्यात 2019 ते 2021 दरम्यान झालेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालील शंभर मुलांमागे सुमारे 35 वयाच्या मानाने खुजी आढळली. खुजे मूल आजारी दिसत नाही. ते लहान दिसते, आणि अडीच वर्षांच्या मुलाशी घरचे दीड वर्षाच्या मुलासारखे वागत राहतात, तेवढेच बोलतात, तेवढेच करू देतात.

आता तू म्हणशील, 25 अंगणवाड्यांत हे कधी करायचे? मलाही हेच ऐकवले जायचे. माझ्या बीटचे अहवाल उशिरा जात, कारण गृहभेटीत सेविकेने मुलासमोर बसल्याखेरीज मी तिला नोंद करू देत नसे. वरिष्ठांनी बैठकीत सर्वांसमोर ‘तुम्ही काय संशोधन करता का’ असे विचारले, पुढे कारणे दाखवा नोटीसही आली. मी उत्तरात लिहिले की अहवाल उशिरा गेला तरी वाचता येतो, मूल उशिरा पाहिले तर गेलेले महिने परत मिळत नाहीत. ते उत्तर उद्धट ठरले. आजही ते मला योग्यच वाटते. हट्टी म्हणायचे तर म्हणोत. ज्या बाईने आपले दप्तर वेळेत ठेवले, तिच्या बीटमध्ये मुले अधिक चांगली वाढली असे कोणी मला दाखवलेले नाही. खंत आहे ती वेगळीच. सेविकांच्या तोंडून मी जी निरीक्षणे ऐकली, ती लिहायला कोणत्याही नमुन्यात जागा करून घेणे मला जमले नाही. मी मागणी करत राहिले, नमुने बदलत राहिले, जागा आली नाही. त्या बायकांबरोबर ते सारे निवृत्त झाले.

हे काही माझे एकटीचे खूळ नाही, हेही लक्षात ठेव. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. पाड्यावरची मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्या स्वतः पाड्याच्या अंगणात जाऊन बसल्या, आणि तिथलेच खडे, शिंपले, पाने, बिया घेऊन शिकवू लागल्या. आपल्या अंगणवाड्या जिच्यातून चालतात ती एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला आली, ती त्यानंतर. आपल्या खात्याच्या नावाआधी हे अंगण होते आणि त्या अंगणात आधी मूल पाहिले गेले होते.

केंद्र सरकारच्या 2024 मध्ये आलेल्या ‘नवचेतना’ आराखड्यात तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 140 कृती दिल्या आहेत. कृती चांगल्या आहेत. त्यांचे पुन्हा 140 रकाने करू नकोस. आणि ‘दोन वर्षांत मेंदूची 80 टक्के वाढ होते’ हे वाक्य आयांच्या बैठकीत जपून वापर; ते आकारमानाविषयी खरे आहे, पण ऐकणाऱ्या आईला वाटते की दोन वर्षे उलटली आणि आपण सारे घालवले. मजुरीवरून आलेल्या त्या बाईला दमछाक करणारी माहिती नको असते. भाकरी थापताना बाळाशी बोलत राहा, ते ‘अँ’ म्हणाले की थांबून उत्तर द्या, मोबाइल हातात देऊन गप्प करू नका, हे तिला आजच्या आज करता येते.

ज्या मुलाविषयी शंका आली त्याला आरोग्य पथक येईपर्यंत थांबवू नकोस. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 मध्ये आपल्या पालघरलाच झाली, व्यवस्था चांगली आहे, परंतु पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते आणि दहा महिन्यांच्या बाळासाठी सहा महिने म्हणजे निम्म्याहून अधिक आयुष्य. प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घे आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राचे, म्हणजे विकासात मागे पडलेल्या मुलांची तपासणी व उपचार जिथे होतात तिथले, ठरलेले वार आधी फोन करून विचार. आईचा त्या दिवसाचा रोज बुडणार आहे आणि एसटीचे भाडे तिच्याकडे असेलच असे नाही, तेव्हा पहिल्या खेपेला सेविकेला तिच्यासोबत पाठव. प्रवासखर्चाच्या बिलावर कोणी शेरा मारलाच, तर त्याची प्रत मला पाठव. अशा शेऱ्यांना उत्तरे लिहिण्याचा मला चांगला सराव आहे.

तुझी,
एक निवृत्त पर्यवेक्षिका