सील फोडू की ठेवू?

व्हिडिओ गेम जमवणाऱ्यांच्या या वेळच्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या वेशात आला आहे. निवडक पत्रांना उत्तरं देतो आहोत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवू: सील, म्हणजे खोक्यावरचं कारखान्यातलं प्लास्टिकचं वेष्टण, खोक्याला जपतं, आतल्या खेळाला नाही. पुढची बरीच उत्तरं त्यातूनच निघतात.

प्रश्न (पुणे): अमेरिकेतल्या मामांकडून गेम बॉयचा ‘पोकेमॉन गोल्ड’ मिळाला आहे. 2000 सालचा, कागदी खोका, सील जसंच्या तसं. मुलगी म्हणते फोडून खेळू, मी म्हणतो राहू दे. न वापरलेला आहे म्हणजे आत सगळं नवंकोरंच असणार ना?

नाही. या कार्ट्रिजमध्ये (कन्सोलमध्ये, म्हणजे खेळाच्या यंत्रात, खोचायच्या खेळाच्या डबीत) मोठ्या नाण्याएवढा लिथियम सेल असतो, सीआर2025. खेळाची प्रगती ज्या मेमरीत साठते तिला सतत वीज लागते. शिवाय ‘गोल्ड’, ‘सिल्व्हर’ आणि ‘क्रिस्टल’ या तिन्हींत खरं घड्याळ आहे, तेही याच सेलवर चालतं. म्हणून या तिन्हींतले सेल त्याआधीच्या ‘रेड’ आणि ‘ब्लू’पेक्षा लवकर संपतात. सेल कारखान्यात सोल्डर झाला, त्या दिवसापासून तो झिजतो आहे. वर प्लास्टिक आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. इतक्या वर्षांनी तुमचा सेल संपलेला आहे असंच धरून चाला. खेळ सुरू होईल, चालेलही; फक्त बंद केल्यावर सेव्ह उडेल.

तरीही आमचं मत तुमच्या बाजूने, पण कारण वेगळं. कार्ट्रिजं लाखोंनी शिल्लक आहेत. कागदी खोके मात्र मुलांनी त्याच दिवशी फाडून फेकले. त्यामुळे सील धड असेल आणि खोक्याचे कोपरे टोकदार असतील, तर किंमत त्या खोक्याची आहे. सुटं कार्ट्रिज त्याच्या तुलनेत फार स्वस्त मिळतं, मुलीला ते आणून द्या. सील फाटलेलं असेल किंवा कोपरा चेपला असेल, तर मात्र विचार न करता फोडा. अर्धवट सील जपण्यात काही हशील नाही.

सुट्या कार्ट्रिजचा सेल बदलायचा तो असा. मागे एकच स्क्रू असतो, त्याला 3.8 मि.मी.चा गेमबिट, म्हणजे अशा स्क्रूचा खास पेचकस, लागतो (4.5 मि.मी.चा कन्सोलसाठी, तो इथे बसत नाही). स्क्रू काढल्यावर पुढचं झाकण थोडं खाली सरकवा, मग उचला. सरळ उचकटलंत तर आतल्या खाचा तुटतात. जुन्या सेलचे पत्रे स्पॉट वेल्डने चिकटवलेले असतात. ते सेलपासून उपटू नका, बोर्डावरच्या टोकाशी सोल्डर वितळवा. जुनं सोल्डर हट्टी असतं, त्यावर थोडं ताजं सोल्डर लावलं की पटकन सुटतं. सोल्डरिंग आयर्न 320 ते 350 अंश, प्रत्येक टोकाला 2-3 सेकंद, त्याहून जास्त वेळ नको, नाहीतर बोर्डावरचा तांब्याचा ठिपकाच उचलला जातो. नवा सेल पत्रे जोडलेलाच घ्या. तुमच्या पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, ‘टॅबवाला सेल’ म्हणून विचारा. साध्या सेलवर थेट सोल्डर करू नका. लिथियम सेल तापला तर फुटतो. अधिक-उणे खुणा बोर्डावर छापलेल्या असतात, त्या पाहूनच बसवा.

जुना सेल काढला की आधीचा सेव्ह गेलाच. तो हवा असेल तर आधी कार्ट्रिज रीडरने संगणकावर उतरवून घ्या. काही जण सीआर2032 बसवतात. त्यात वीज जास्त मावते खरी, पण तो 2.5ऐवजी 3.2 मि.मी. जाड असतो, झाकण घट्ट बसतं. आम्ही 2025च घालतो. शेवटी खेळ सेव्ह करून बंद करा, पाच मिनिटं थांबा, परत सुरू करा. सेव्ह दिसला की स्क्रू आवळा.

प्रश्न (ठाणे): सीलबंद मारिओ कोट्यवधी रुपयांना गेला असं वाचलं. माझ्याकडे प्लेस्टेशन 3 आणि 4चे (पीएस3, पीएस4) पंधरा-वीस सीलबंद गेम आहेत. परदेशात पाठवून ग्रेडिंग करून घेऊ का?

नको. ती बातमी जुलै 2021ची. ‘सुपर मारिओ 64’ची एक प्रत हेरिटेज ऑक्शन्समध्ये 15 लाख 60 हजार डॉलरला गेली. दोनच दिवस आधी पहिल्या ‘झेल्डा’ची प्रत 8 लाख 70 हजारांना गेली होती. आता गंमत पाहा: ‘मारिओ 64’ दुर्मीळ अजिबात नाही, त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या आहेत. पैसे मोजले ते 9.8 ए++ या शेऱ्यासाठी. ग्रेडिंग म्हणजे सीलबंद खेळ तपासून त्याला असा शेरा देणं; ते करणाऱ्या ‘वाटा’ (Wata) या कंपनीच्या पद्धतीत आकडा खोक्याचा असतो आणि अक्षर सीलचं. खेळ चालतो का, आतला सेल जिवंत आहे का, हे त्यात कुठेच येत नाही. न फोडता ते कळणार तरी कसं? पुढे मे 2022मध्ये, बाजारभाव कृत्रिमरीत्या चढवल्याचा आरोप करत ग्राहकांनी याच कंपनीविरुद्ध कॅलिफोर्नियात सामूहिक दावा दाखल केला. अमेरिकेतल्या त्या एका उन्हाळ्याचे भाव डोळ्यांसमोर ठेवून हिशेब मांडू नका.

तुमचे गेम प्लास्टिकच्या डबीतले आहेत. तशा लाखो डब्या धडधाकट शिल्लक आहेत, सीलबंदही भरपूर. जायचा-यायचा खर्च, विमा, ग्रेडिंगची फी, परत येताना कस्टम्स एवढं सोसेल असा त्यातला एखादाही निघेल असं वाटत नाही. फोडा आणि खेळा. आणखी एक: पीएस4च्या डिस्कवर पहिल्या दिवसाची आवृत्ती असते, दुरुस्त्या सर्व्हरवरून उतरवाव्या लागतात. सर्व्हर चालू आहेत तोवर त्या कन्सोलवर घेऊन ठेवलेल्या बऱ्या.

प्रश्न (रत्नागिरी): पावसाळ्यात कागदी खोक्यांना बाक येतो. सील असूनही. असं का होतं, आणि ठेवावे कसे?

श्रिंक रॅपला हवा जायला बारीक भोकं असतात, ते काही हवाबंद नसतं. दमट हवा आत जाते, पुठ्ठा फुगतो. प्लास्टिक फुगत नाही, उलट उष्णतेने आणखी आवळतं. दोघांच्या रस्सीखेचीत कोपरे चेपतात आणि खोक्याला कमानीसारखा बाक येतो. उन्हाळ्यात नागपूर-चंद्रपूरकडे माळ्यावर ठेवलेल्या खोक्यांचं नेमकं हेच होतं, फक्त ओलाव्याविना. घट्ट आवळलेलं सील खोक्याचा सगळ्यात मोठा शत्रू ठरतो, हे सील जपणाऱ्यांना ऐकायला आवडत नाही.

साधं हायग्रोमीटर काहीशे रुपयांत मिळतं, ते आधी घ्या. आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांत राहायला हवी. 65च्या वर बुरशी धरते. रबरी गास्केटचा हवाबंद डबा घ्या. 10 लिटरच्या डब्याला 50 ते 60 ग्रॅम सिलिका जेल पुरतं. नारिंगी दाणे घ्या, ओलावा भरला की हिरवट होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. नारिंगी दाणे पुडीतून काढून स्टीलच्या ताटात पसरा, 110-120 अंशांवर दोन तास ठेवा, पुन्हा वापरा. जुलैत हे दोन-तीनदा करावं लागेल. अति करू नका: 30 टक्क्यांच्या खाली पुठ्ठा ठिसूळ होतो.

खोके पुस्तकांसारखे उभे ठेवा, एकावर एक रचू नका. वरून 0.5 मि.मी. जाडीचं पीईटीचं कव्हर घाला. मऊ पीव्हीसीचं नको, त्यातला तेलकट अंश कालांतराने बाहेर येऊन चिकटतो. (कन्सोलभोवती त्याचीच वायर गुंडाळून ठेवण्याची सवयही याच कारणासाठी सोडा, प्लास्टिकवर वायरचे चर पडतात.) कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकण्याचा मोह होईल. तो आवरा. त्यांची वाफ पॉलिस्टायरीन मऊ करते, आणि जुन्या सीडीच्या पारदर्शक डब्या पॉलिस्टायरीनच्याच असतात.

प्रश्न (कोल्हापूर): पीएस2चे ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आणि ‘देसी अड्डा’ सीलबंद मिळत आहेत. घ्यावेत का? सील खरं आहे हे कसं ओळखू? आणि डिस्क बंद डबीत खराब होते का?

जरूर घ्या. दोन्ही 2009चे. ‘हनुमान’ हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने केला, पूर्णपणे भारतात घडलेला प्लेस्टेशनचा पहिला खेळ म्हणून तो ओळखला जातो. ‘देसी अड्डा’त कबड्डी, विटीदांडू आणि पतंगबाजी आहे. आपल्याकडच्या संग्रहाला चेहरा द्यायचा तर मारिओपेक्षा हेच जमवावेत असं आमचं ठाम मत. दोन्ही पाल (भारत-युरोपातल्या टीव्हीच्या) पद्धतीचे, त्यामुळे अमेरिकेतून आलेल्या पीएस2वर ते चालणार नाहीत.

सील पाहताना डबीच्या वरच्या आणि खालच्या अरुंद बाजू पाहा. कारखान्यातलं वेष्टण तिथे भेटवस्तूच्या कागदासारखं घडी घालून चिकटवलेलं असतं, घडीचा आकार इंग्रजी वायसारखा दिसतो. दुकानात नव्याने केलेलं सील बहुधा श्रिंक पिशवीचं असतं: कडेने वितळलेली जाड शिवण आणि घड्यांचा पत्ताच नाही. किमतीची चिकटपट्टी प्लास्टिकच्या खाली, थेट डबीवर असेल तर कोणीतरी ती डबी आधी हाताळली आहे. चिकटपट्टी वर असेल तर ती काढू नका, सील तिच्यासोबतच फाटतं.

आता डिस्क. डबी कानाशी धरून हळूच हलवा. आत खडखडत असेल तर डिस्क मधल्या खुंटीवरून सुटली आहे आणि प्रत्येक प्रवासात घासली जाते आहे. अशी डबी फोडा, लगेच. डीव्हीडीत चकाकणारा थर 0.6 मि.मी.च्या दोन चकत्यांमध्ये गोंदाने बंद केलेला असतो; गोंद कडेने सुटला की हवा शिरते, ॲल्युमिनियम गंजतं. पीएस2चे काही खेळ निळ्या पाठीच्या सीडीवर आहेत. त्यांत हा थर वरच्या छापील बाजूला, नुसत्या लॅकरखाली असतो, म्हणून तिथे खरचटलं तर डिस्क पॉलिश करूनही सुधारत नाही. सीडी दिव्यासमोर धरली की गंजलेल्या जागी टाचणीएवढी छिद्रं चमकतात. सीलबंद डबीत हे काहीच पाहता येत नाही, दोन प्रती मिळाल्या तर एक फोडून तपासा.

सेगा कंपनीच्या सेगा सीडी आणि सॅटर्न या कन्सोलच्या खेळांच्या अमेरिकी लांबट डब्या कोणाकडे असतील तर त्यांच्यासाठी जोड: आत फोमचा तुकडा असतो. तो वर्षांनी चिकट होतो किंवा भुगा होऊन डिस्कवर बसतो. फोडलेल्या डबीतला फोम आजच काढून टाका. सीलबंद डबीतला काढता येत नाही, आणि आम्ही ती न फोडता ठेवण्याची शिफारस करत नाही.

प्रश्न (न्यू जर्सी): नव्या खेळांची एक प्रत खेळायला, एक सीलबंद, अशा दोन घेतो. बरोबर आहे का?

दुसरी घेण्यापूर्वी खोक्याच्या मागचा बारीक मजकूर वाचा. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ डिसेंबर 2014मध्ये आला, डिस्कवर विकला गेला, आणि 31 मार्च 2024ला सर्व्हर बंद झाल्यावर खेळता येईनासा झाला. त्याची सीलबंद प्रत म्हणजे आता नुसती डबी. निन्टेंडोच्या स्विच 2 या कन्सोलच्या ‘गेम-की कार्ड’मध्येही खेळ नसतोच, फक्त तो उतरवून घ्यायची परवानगी असते. इंटरनेट लागेल असं लिहिलं असेल तर एकच घ्या, तीही खेळायला. सगळा खेळ कार्डावर आहे असा खेळ दोनदा घेण्यात मात्र काही गैर नाही.

प्रश्न (नाशिक): सील फोडलं. कार्ट्रिज चालत नाही. फुंकर मारली तरी नाही.

फुंकू नका. निन्टेंडोनेही आपल्या वापरकर्त्यांना हेच बजावलेलं आहे: श्वासातल्या ओलाव्याने संपर्कपट्ट्या गंजतात. फुंकल्यावर चालतं ते काढून पुन्हा बसवल्यामुळे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. औषधाच्या दुकानातल्या सर्जिकल स्पिरिटमध्ये पाणी असतं. कापूसकाडी ओली करा, ठिबकेल इतकी नको. पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने घासा, काडी काळी झाली की नवी घ्या, स्वच्छ निघेपर्यंत. पाच मिनिटं वाळू द्या. सँडपेपर किंवा खोडरबर नको, वरचा सोन्याचा पातळ मुलामा निघून जातो. एवढं करूनही चालत नसेल तर दुसरं कार्ट्रिज लावून पाहा. तेही चाललं नाही तर दोष बहुधा कन्सोलच्या कनेक्टरमध्ये आहे. मूळ एनईएस या निन्टेंडोच्या जुन्या कन्सोलच्या 72 पिना ढिल्या होणं ही तर नेहमीचीच तक्रार.