शेंगदाणा कुठला घेताय, ते आधी सांगा

वाचकांचे प्रश्न : या वेळी शेंगा चटणी, कडक भाकरी आणि पाकिटावर काय लिहायचं

ताई, मी घरून शेंगा चटणी करते, गल्लीतल्या तिघीजणी मदतीला येतात. आम्ही उखळात कुटतो. आजवर ओळखीपाळखीवर चाललं होतं, आता पुण्याचा एक दुकानदार म्हणतोय महिन्याला ५० किलो द्या, पण भाव कमी करा आणि माल सहा महिने टिकला पाहिजे. इथला व्यापारी म्हणतो स्वस्तातला दाणा देतो. मिस्टर म्हणतात मोठा मिक्सर घे आणि मोकळी हो. काय करू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

तुमचं पत्र वाचून वाटलं की तुम्हाला सगळं टेन्शन मिक्सरचं आलंय, पण मला विचाराल तर मिक्सरचं नंतर बघू, आधी तो स्वस्तातला दाणा बाजूला ठेवा. स्वस्त म्हणजे बहुतेक वेळा तुकडा, नाहीतर मागच्या हंगामातला उरलेला माल. दाणा फुटला की आतलं तेल हवेला लागतं आणि लवकर खवटतं, आणि गंमत अशी की चटणी केली त्या दिवशी ते कळतच नाही, लसूण-मिरची सगळं झाकून टाकते, कळतं ते महिन्याभराने गिऱ्हाइकाने पाकीट फोडल्यावर, आणि शिव्या खाते तुमची चटणी, व्यापारी नाही.

खवटपणा एकवेळ परवडला, बुरशी नको. काढणीच्या टायमाला पाऊस लागला, शेंगा नीट वाळल्या नाहीत आणि तशाच ओलसर पोत्यात भरल्या की ॲस्परजिलस नावाची बुरशी धरते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते लिव्हरला घातक आणि कढईत कितीही खमंग भाजलं तरी सगळं जात नाही. त्यामुळे ‘भाजलं की काय राहतंय’ हे इथे चालत नाही. निवडणं हाच उपाय. काळपट, सुरकुतलेला, हिरवट दाणा दिसला की बाहेर.

जमत असेल तर दाण्याऐवजी शेंगाच घ्या, गावाकडे कोणी भुईमूग करत असेल तर हंगामात त्याच्याकडूनच. शेंग कानाशी धरून हलवा, आत दाणा खुळखुळ वाजला पाहिजे, नाही वाजला तर अजून ओल आहे. पोत्याच्या तळातल्या चार-पाच फोडून बघा, वरच्या नाही, वरच्या सगळ्यांच्याच चांगल्या असतात. टरफलात दाणा जास्त टिकतो, लागेल तसा फोडायचा. वेळ जातो, कबूल. बाजारातूनच घ्यायचा असेल तर एकच व्यापारी धरा, माल कुठला आणि कधीचा ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. अहो, गुजरातचा दाणा असला म्हणून काही बिघडत नाही, फक्त कोणी विचारलं तर तुम्हाला सांगता आलं पाहिजे. मिरचीचंही तेच.

आता मिक्सर. पातं कापतं आणि उखळ दाबतं, फरक एवढाच, पण सोलापुरी चटणी म्हणजे तोच फरक आहे. दाबलं की तेल सुटतं, मिरची-लसूण त्या तेलात मुरतं आणि चटणी चिमटीत धरली की गोळा होतो. मिक्सरमध्ये आधी नुसतं कूट होतं, मग हव्यासाने अजून फिरवलं की गरम होऊन लगदा. पण म्हणून महिन्याला ५० किलो तिघींच्या खांद्यावर टाकायचं हेही मला पटत नाही. त्यांना किलोमागे काय देता ते तुम्ही लिहिलंच नाहीय, दुकानदाराला भाव कमी करून दिला तर तो कोणाच्या खिशातून जाणार ते मी न सांगताही तुम्हाला कळतंय. मधला रस्ता डंक्याचा, म्हणजे मसाला कुटायच्या मशीनचा आहे. डंका कुटतोच, कापत नाही. फक्त गावातल्या मसाल्याच्या डंक्यावर चटणी नेऊ नका, गरम मसाल्याचा वास लागतो आणि मग तो जात नाही. स्वतःचा छोटा डंका घ्यायचा असेल तर केंद्राच्या पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेत कर्जाला जोडून खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलंय, आत्ता अर्ज घेतायत का ते कृषी कार्यालयात जाऊन विचारा.

सहा महिन्यांना सरळ नाही म्हणा. लसूण घातलेली चटणी, त्यात आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर, पाकिटाला बाहेरून तेल येतं तिथे सहा महिन्यांची गॅरंटी कसली देताय! एकाच घाण्यातली पाकिटं कपाटात ठेवा आणि काही खिडकीपाशी, दर आठवड्याला दोन्हीकडचं एकेक फोडून वास घ्या, आणि खिडकीतलं जितकं टिकलं त्याच्याही थोडी आतली तारीख छापा. भावाचं म्हणाल तर किलोभर दाणा भाजून, सालं काढून, निवडून किती उरतो ते काट्यावर बघा, ही घट हिशोबात न धरताच बऱ्याच जणी भाव सांगून मोकळ्या होतात. दुकानदाराला २० किलो द्या, तुमच्या भावात. घेतला तर घेतला.

मी मूळचा सोलापूरचा, आता पुण्यात. इथे प्रत्येक पाकिटावर ‘हँडमेड’, ‘गावरान’, ‘ऑरगॅनिक’ लिहिलेलं असतं आणि भाव दुप्पट. खरं कसं ओळखायचं?
– एक सोलापूरकर, पुणे

‘गावरान’ आणि ‘आजीच्या हातचं’ याला काही माप नाही, कोणीही लिहावं. ‘ऑरगॅनिक’ला मात्र आहे, दुकानात ऑरगॅनिक म्हणून पाकीट ठेवायचं तर एनपीओपी किंवा पीजीएस या सरकारमान्य सेंद्रिय पद्धतींपैकी एकीचं सर्टिफिकेट लागतं. शेतकरी स्वतः थेट तुम्हाला विकतो तेव्हा छोट्यांना सूट असते, तिथे भरवसा हाच कागद.

तुम्ही पाकीट उलटं करून घटक वाचा. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, म्हणजे पहिला शेंगदाणा पाहिजे. मध्येच फुटाण्याची डाळ आणि पाम तेल दिसलं तर समजून जा. १४ आकडी एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी नोंदणीचा नंबर आहे का बघा, तो घरगुती उद्योगालाही लागतो. आणि नुसता लालभडक रंग बघून भुलू नका, ब्याडगी मिरची रंगाला जास्त आणि तिखटाला कमी, म्हणून चांगले करणारे तिच्यात दुसरी तिखट मिरची घालतात आणि त्यांची चटणी जरा काळपटच दिसते.

माझी स्वतःची पद्धत वेगळी आहे. पाकिटावरच्या नंबरवर फोन लावायचा आणि विचारायचं, दाणा कुठला? जो खरंच करतो तो सुरूच होतो, यंदा पाऊस कसा लागला, कुठला माल परत पाठवला, फोन ठेवू देत नाही. बाकीचे म्हणतात, एक नंबर क्वालिटी आहे सर.

आमचा बचत गट कडक भाकरी करतो. ज्वारी मार्केटमधूनच घेतो, चांगली असते. पाकिटावर ‘मंगळवेढ्याची ज्वारी’ लिहिलं तर खप वाढेल असं एकाने सुचवलं. लिहावं का?
– मोहोळ तालुक्यातून

नाही. मंगळवेढा ज्वारीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, ते नाव त्या भागात पिकलेल्या ज्वारीचं आहे आणि तिकडच्या शेतकऱ्यांचं आहे. काळ्या रानात, नुसत्या जमिनीतल्या ओलीवर, पाणी न देता ज्वारी आणायची, ती हाताने उपटून काढायची आणि मजूर मिळत नाही म्हणून दरवर्षी डोक्याला हात लावायचा, एवढं करून मिळालेलं नाव आपण पाकिटावर फुकट छापायचं हे बरं दिसत नाही, कायद्याचं तर सोडाच.

आणि तुम्ही मोहोळचे असून हे विचारताय याचं नवल वाटलं! आख्ख्या महाराष्ट्रात पेरली जाणारी मालदांडी ३५-१ ही ज्वारीची जात तुमच्याच मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडली गेली. आसपासच्या दोन-चार शेतकऱ्यांकडून रब्बीची मालदांडी सुगीत एकदम घ्या, कडूनिंबाचा पाला घालून साठवा, आणि पाकिटावर गावाचं नाव टाका, तुमच्या. दळण मात्र थोडं थोडं आणा. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा गेला की भाकरी थापताना कडेला चिरते आणि पातळ होत नाही, आणि पातळ झाली नाही तर ती कडक होण्याऐवजी आत ओल धरते आणि मग बुरा येतो. खरीपातली पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लावला तर लोक म्हणतात ‘भाकरीला एवढे पैसे?’ काय उत्तर द्यायचं?
– बाळीवेस

काही देऊ नका, तुकडा द्या खायला, वर दही-चटणी.

कुरिअरने पाठवलेल्या कडक भाकऱ्या पोचेपर्यंत चुरा होतात. पेपरात गुंडाळून पाठवतो.
– अक्कलकोट रोड

पेपर पहिला बंद करा, छापलेल्या कागदाची शाई खाण्याला लागते, एफएसएसएआयनेही त्याला मनाई केलीय. भाकरी पूर्ण गार झाल्यावरच भरा, कोमट भरली तर वाफ धरते. भाकरीच्याच मापाचा गोल पुठ्ठ्याचा डबा करून घ्या, हलायला जागाच ठेवू नका, वर-खाली कोरा पुठ्ठा. तरी काही तुटणारच. ज्या इथेच तुटतात त्यांचं ‘चुरा’ म्हणून वेगळं पाकीट करा आणि कमी भावात विका, आमटीत कुस्करून खाणारे तेच मागून घेतात, माझ्या घरात दोघे आहेत.