गोल नेकची नॅशनल ट्रायकोन स्टाइल ४ कुठे मिळेल आणि खरी कशी ओळखावी?

तुमच्या संग्रहात नॅशनल कंपनीच्या ट्रायकोनपैकी, म्हणजे आत तीन शंकू असलेल्या धातूच्या गिटारींपैकी, स्टाइल १, २ आणि ३ आहेत, फक्त गोल नेकची (नेक म्हणजे गिटारीची मान) स्टाइल ४ राहिली आहे. ती कुठे शोधावी, असं तुम्ही विचारलंय. कुठे मिळेल त्यापेक्षा काय गळ्यात पडू शकतं, ते आधी सांगतो.

जॉन डोपेरा आणि जॉर्ज बीचम यांची ही गिटार १९२७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये आली, तेव्हा अमेरिका हवाईयन संगीताने भारलेली होती. गिटार मांडीवर आडवी घ्यायची आणि तारांवरून पोलादी तुकडा फिरवायचा. त्यासाठी चौकोनी नेक लागते, म्हणून खपही तिचाच मोठा. त्यात स्टाइल ४, शेवंतीच्या कोरीवकामाची, १९५ डॉलरची. पुढे मंदीत याच कंपनीची ड्युओलियन ही स्वस्तातली गिटार ३२.५० डॉलरला मिळत होती. म्हणजे गोल नेकची स्टाइल ४ मुळातच थोड्यांच्या हाती गेली.

आज गोल नेकला भाव जास्त, म्हणून चौकोनी कापून लाकडी गोल नेक बसवलेल्या गिटारी विकायला येतात. चौकोनी नेक ही वेगळी जोडलेली नसते. बॉडीचा जर्मन सिल्व्हरचा (तांबे, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू) पत्राच पोकळ होऊन पुढे गेलेला असतो. तो कापला की नेकच्या मुळाशी जोडपत्रा आणि डाख यांच्या खुणा बहुधा राहतातच. त्या जागेचे सगळ्या बाजूंनी, दिवसाउजेडी काढलेले फोटो मागा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

मग फुलांकडे बघा. निकेलचा मुलामा नव्याने चढवण्याआधी पत्रा घासतात, त्यात कोरीव रेघांच्या कडा बोथट होतात. मला डागाळलेला जुना मुलामा कधीही चालेल. झिजलेली शेवंती मात्र पुन्हा उगवत नाही. कव्हरप्लेट, म्हणजे शंकूंवरचं धातूचं झाकण, काढून आतला फोटोही हवा. ॲल्युमिनियमचे तीन शंकू इतके पातळ असतात की चेपलेले निघाले तर नवल नाही. पण शंकू बदलता येतात, नवे बनतात. त्यासाठी किंमत पाडून घ्या, सौदा मोडू नका.

शोधायचं म्हटलं तर जुन्या गिटारींचे जाणकार व्यापारी गाठा आणि नेमकं काय हवंय ते लेखी देऊन ठेवा. चांगल्या वस्तू पुष्कळदा जाहिरात होण्याआधीच जातात. घरसामानाचे लिलाव आणि छोट्या गावांतली वाद्यांची दुकानंही सोडू नका. ब्लूज गिटारवादक टॅम्पा रेडची सोन्याचा मुलामा दिलेली स्टाइल ४ हरवली असंच सगळे धरून चालले होते. १९९०च्या दशकात ती इलिनॉयमधल्या एका वाद्यविक्रेत्याला सापडली आणि पुढे सिएटलच्या संग्रहालयात गेली.

एक विचारतो: तुमच्याकडच्या तिन्हींची नेक कोणती? चौकोनी असेल तर मी गोल नेकचा हट्ट धरणार नाही. हवाईयन गिटारवादक सोल हूपिईने ट्रायकोनला जो आवाज मिळवून दिला तो मांडीवरच्या गिटारीचाच होता, आणि त्या रांगेत चौकोनी स्टाइल ४ अगदी शोभून दिसेल. शिवाय ती मिळतेही. तिन्ही गोल असतील तर मात्र थांबा. कापलेली घेऊन रांग पुरी करू नका.