ओहायोचं ख्रिस्ती विद्यापीठ आणि वेंगुर्ल्याचे आजोबा

मस्कतहून एका आईचं पत्र आलं आहे. नवरा-बायको दोघंही तिकडे नोकरीला. मुलगी बारावीनंतर वेंगुर्ल्याला आजी-आजोबांकडे राहिली, तिथेच बीकॉम झाली आणि आता चुलत्यांच्या काजू कारखान्याचे हिशेब बघते. तिला ओहायोतल्या एका ख्रिस्ती विद्यापीठात अकाउंटिंगच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. मामाचं घर तिथून तासाभरावर आहे. बातमी ऐकून आजोबा जेवता जेवता उठले. "थंय धाडलास तर चेडवाक बाटवतले" (तिथे पाठवलंत तर पोरीला बाटवतील), एवढंच बोलले आणि त्यानंतर विषयच काढू देत नाहीत. वडील म्हणतात, कलमांच्या बागेवर कर्ज काढू. आई विचारते, सासऱ्यांची समजूत कशी घालू? आणि मुळात पाठवू का?

ताई, आधी आजोबांचंच घेते, कारण त्यांची भीती बिनबुडाची आहे असं मला वाटत नाही. नात परक्या देशात एकटी राहणार, आणि ज्या संस्थेच्या हाती तिची फी, तिचं वसतिगृह आणि तिचा व्हिसा, त्या संस्थेचा धर्म वेगळा आहे. चार वर्षं तिला सांभाळलेल्या माणसाला यात काळजी वाटणारच. तेव्हा "तुम्हाला यातलं काही कळत नाही" असं घरात कुणीही म्हणू नये. नातीने तर मुळीच नाही.

अमेरिकेतली ख्रिस्ती विद्यापीठं एका साच्यातली नसतात. नोत्र दाम किंवा व्हिलानोव्हासारखी कॅथलिक विद्यापीठं सगळ्या धर्मांच्या मुलांना घेतात. टेक्सासचं बेलर बाप्टिस्ट पंथाच्या लोकांनी 1845मध्ये काढलं. तिथे पदवीच्या मुलांना चॅपलची (प्रार्थनेची) हजेरी आणि धर्माचे दोन विषय आहेत, पण ती सक्ती पदवीची आहे, मास्टर्सची नाही. युटामधल्या, मॉर्मन चर्चच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा अकाउंटिंग विभाग देशभर नावाजलेला आहे, पण तिथली आचारसंहिता कडक. दारू-सिगारेट तर नाहीच, चहा-कॉफीसुद्धा चालत नाही, आणि हा नियम त्यांच्या चर्चबाहेरच्या मुलांनाही लागू. शिवाय अशा मुलांना फी दुप्पट. आणखी काही संस्था अशा आहेत, जिथे प्रवेशाच्या वेळी ख्रिस्ती श्रद्धेच्या निवेदनावर सही मागतात.

तुमच्या लेकीचं विद्यापीठ यातल्या कुठल्या प्रकारचं आहे, हे त्यांच्या विद्यार्थी नियमावलीतून एका संध्याकाळी कळेल. प्रवेशपत्र किंवा जाहिरात वाचून ते कळायचं नाही. सही कशाकशावर करायची आहे, मास्टर्सच्या मुलांना प्रार्थनेची हजेरी आहे का, वसतिगृहात देव ठेवायला, निरांजन लावायला परवानगी आहे का (पुष्कळ वसतिगृहांत ज्योतीवरच बंदी असते, ती आगीच्या भीतीने, धर्मामुळे नव्हे), नियम मोडला तर काय होतं, एवढं बघा. श्रद्धेच्या निवेदनावर सही असेल तर सरळ दुसरं विद्यापीठ शोधा. जे मानत नाही त्याखाली सही करून मुलीने शिक्षणाला सुरुवात करू नये. आणि तीही अकाउंटिंगच्या शिक्षणाला, जिथे सहीवरच सगळा धंदा उभा आहे.

सक्तीचं काही नसेल, तर ती नियमावली नातीने स्वतः आजोबांजवळ बसून, मालवणीत सांगत सांगत वाचून दाखवावी. वेंगुर्ल्याला मिशनरी परके नाहीत. तिथलं सेंट ल्यूक्स हॉस्पिटल अमेरिकन मिशनऱ्यांनीच उभं केलं, आणि कोकणातल्या कितीतरी घरांतली मुलं मुंबईत विल्सनला नाहीतर झेवियर्सला शिकून आपापल्या देवाला नमस्कार करत परत आली. आजोबांच्या ओळखीतही असं कुणीतरी असेलच. नाव त्यांच्याच तोंडून येऊ द्या, आपण उदाहरणं देत बसू नये.

एक गोष्ट मात्र मुलीला नीट सांगून ठेवा. अशा गावांत माणसं फार प्रेमाने वागतात. विमानतळावर घ्यायला येतील, सणाला घरी जेवायला बोलावतील, आणि रविवारी चर्चला चल असंही म्हणतील. गेली तर बिघडत नाही, नाही गेली तरी बिघडत नाही, पण उत्तर पहिल्याच वेळी स्पष्ट द्यावं. "तुमचे आभार, पण मी माझ्या घरची पूजा करते" एवढं हसतमुखाने म्हटलं की बहुतेक जण मान राखतात. भिडेपोटी तीन महिने जात राहायचं आणि मग एकदम बंद व्हायचं, यात दोन्ही बाजू दुखावतात.

आता ज्याबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत, पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते सांगते. अमेरिकेत अकाउंटिंगची मास्टर्स करायची ती मुख्यतः सीपीए, म्हणजे तिकडचे सीए, होण्यासाठी. त्या परवान्यासाठी आतापर्यंत 150 क्रेडिट, म्हणजे अभ्यासक्रमांचे श्रेयांक, लागत आली. चार वर्षांच्या पदवीची 120, वर मास्टर्सची साधारण 30. तिकडच्या मुलांचा हिशेब असा सरळ जमतो. आपल्या मुलीची पदवी मात्र तीन वर्षांची आहे आणि ती पुष्कळदा 90च धरली जाते. नव्वदात तीस मिळवले की एकशे वीस. म्हणजे मास्टर्स होऊनही तीस कमी!

विद्यापीठाने प्रवेश दिला म्हणजे सीपीएचा परवाना देणाऱ्या बोर्डाने पदवी मानली, असं समजू नका. दोघांचे निकष वेगळे, आणि बोर्डही प्रत्येक राज्याचं वेगळं. ओहायोने 2026पासून नवी वाट उघडली आहे. 150चा आग्रह न धरता पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव यावरही परवाना मिळू शकतो. इतर राज्यंही त्याच दिशेने निघाली आहेत. पण तिथेही पदवी म्हणजे त्यांच्या मापाची पदवी. तेव्हा जागा राखण्याचं डिपॉझिट भरण्याआधी मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिका नास्बाच्या (या बोर्डांच्या राष्ट्रीय संघटनेच्या) मूल्यमापनाला पाठवा आणि ओहायोच्या बोर्डासाठी किती क्रेडिट धरतात ते लेखी घ्या. त्यासाठी पैसे पडतील, काही आठवडे जातील. जाऊ देत. दोन वर्षांनी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. विद्यापीठाची मान्यताही याच वेळी तपासा. धर्मसंस्थांनी काढलेल्या लहान कॉलेजांत चांगलीही खूप आहेत आणि बोर्ड ज्यांची क्रेडिट धरत नाही अशीही आहेत.

शिकवण्यात फरक पडेल का? फारसा नाही. सीपीएची परीक्षा सगळ्यांना एकच. 2024पासून तिचं रूप बदललं. ऑडिट, फायनान्शियल अकाउंटिंग आणि टॅक्स हे तीन पेपर सक्तीचे, चौथा आपल्या आवडीचा, पास व्हायला 75. हे पेपर आता मुंबईच्या केंद्रातही देता येतात. ख्रिस्ती विद्यापीठात नीतीच्या तासाला बायबलमधले दाखले येतील, चर्च आणि धर्मादाय संस्थांचे हिशेब कदाचित जास्त शिकवतील. त्यात गैर काय? आपल्याकडेही देवस्थानांचे हिशेब तपासणारी माणसं लागतातच. आजोबांना हेही सांगा की जमा-नावेची दुहेरी पद्धत 1494मध्ये व्हेनिसमध्ये पहिल्यांदा छापून मांडली ती लुका पाचोली नावाच्या एका ख्रिस्ती साधूने. त्यांच्या मुलाचा कारखाना तीच पद्धत रोज वापरतो.

पैशाचं. बागेवर कर्ज काढायचा विचार मनातून काढा. थकलेल्या कर्जासाठी बँकेला तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, म्हणून शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून बँका ती सहसा घेत नाहीत. त्यात कोकणातला सातबारा! सामाईक नावांतली निम्मी माणसं मुंबईला, उरलेल्यांपैकी कुणाची वारसनोंदच झालेली नाही. सह्या गोळा करता करता ऑगस्ट उजाडेल आणि भावाभावांत वितुष्ट येईल ते वेगळंच. बिनशेती जागेवरचं घर, ठेवी किंवा तुमच्या पगारावर उभं राहणारं कर्ज बघा. फीचा काही भाग मस्कतच्या खात्यातून थेट भरलात, तर त्या रकमेला भारतातल्या एलआरएसचा (परदेशी पैसे पाठवण्याच्या मर्यादेचा) आणि टीसीएसचा (पाठवतानाच घेतल्या जाणाऱ्या कराचा) प्रश्नच येत नाही.

फेडीचा अंदाज मात्र कडक ठेवा. शिक्षणानंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, 12 महिने काम करता येतं. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीतला अभ्यासक्रम असेल तर आणखी 24 महिने मिळतात, पण साधं अकाउंटिंग त्या यादीत नाही. काही विद्यापीठं डेटा अॅनालिटिक्स जोडून स्टेमचा संकेतांक घेतात. तो आय-ट्वेंटीवर (व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावर) छापलेला असतो, तेवढा बघा, कॉलेजच्या माणसाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा सोडतीवर आहे, आणि सप्टेंबर 2025मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काचा हुकूम निघाल्यापासून छोट्या अकाउंटिंग फर्म आणखीच कचरतात. म्हणून एकच वर्ष डॉलरमध्ये कमाई होईल असं धरून कर्ज काढा. त्यात बसत नसेल, तर वर्षभर थांबा.

थांबलं तर काय करायचं, तेही सांगते. कॉमर्सच्या पदवीधराला 55 टक्के असतील तर सीएच्या इंटरमीजिएटला थेट जाता येतं, आणि 2023च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) दोन वर्षांवर आली आहे. ती वेंगुर्ल्याजवळ सावंतवाडी, कुडाळलाही करता येईल. मी ही वाट कमी मानत नाही. पण तिचा जीव ओहायोत असेल आणि क्रेडिटचा नि कर्जाचा हिशेब जमत असेल, तर माझं मत पाठवा असंच आहे.

कारण ही मुलगी काजू कारखान्यात बसली आहे. बी फोडली की त्याच एका खर्चातून अख्खा गर निघतो, पाकळी निघते, तुकडा निघतो आणि टरफलाचं तेलही. अख्ख्या गरात पुन्हा 240, 320 अशा प्रती, म्हणजे एका पौंडात किती गर बसतात त्याचे आकडे. बी एकाच भावाने घेतली, मग पाकळीवर खर्च किती टाकायचा आणि तुकड्यावर किती? मास्टर्सच्या वर्गात जॉइंट कॉस्टिंग म्हणून जे शिकवतात ते हेच, आणि तिने ते टेबलावर हाताने निवडलेला माल समोर ठेवून वहीत उतरवलं आहे. शिष्यवृत्तीच्या किंवा असिस्टंटशिपच्या (विद्यापीठातच करायच्या कामाच्या) अर्जात 'लहानपणापासूनची आवड' वगैरे लिहू नये, हे लिहावं. बीकेसीतल्या व्हिसाच्या मुलाखतीत "अकाउंटिंगच का" असं विचारलं तरी हेच दोन वाक्यांत सांगावं. "हेच विद्यापीठ का" असं विचारलं तर विभागाचं, फीचं आणि मामाच्या जवळ असण्याचं खरं कारण द्यावं. ख्रिस्ती आहे म्हणून निवडलं असं काही रचून सांगायची गरज नाही.

या आठवड्यात एवढं करा. नियमावली मागवा, आय-ट्वेंटीवर कुठला संकेतांक येणार ते विद्यापीठाला ईमेलने विचारा, गुणपत्रिका मूल्यमापनाला लावा. डिपॉझिटची तारीख जवळ असेल तर मुदत वाढवून मागा, पुष्कळदा मिळते. आणि वेंगुर्ल्याला फोन करून सासऱ्यांना तुम्ही स्वतः सांगा की कागद वाचून होईपर्यंत एक रुपयाही भरलेला नाही.