काळ्या दगडाचे एचडीआर फोटो नकली काहून दिसतात?

तुम्ही विचारलंय की नागपूरच्या आसपासच्या काळ्या दगडांचे एचडीआर केलेले, म्हणजे कमी-जास्त उजेडात काढलेले फोटो जोडून एक केलेले, फोटो पेंटिंगसारखे दिसतात, दगडाच्या कडेला पांढरी पट्टी येते, तर कॅमेऱ्यात सेटिंग कोणती ठेवू. माझ्या मते गडबड कॅमेऱ्यात नाहीच, ती घरी येऊन कम्प्युटरवर होते.

शूटिंगचं आधी सांगून टाकतो. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो), आयएसओ 100, अपर्चर प्रायॉरिटीवर एफ/8, फोकस मॅन्युअल, आणि ब्रॅकेटिंगमध्ये -2, 0, +2 असे तीन फोटो, म्हणजे त्याच फ्रेमचा एक गडद, एक नेहमीचा, एक उजळ. ट्रायपॉड असेल तर दोन सेकंदांचा टायमर लावा. वारा असला की गवताचं पातं तिन्ही फोटोंत वेगळ्या जागी येतं आणि जोडल्यावर भुतासारखं दिसतं, तेवढ्यासाठी फोटो जोडताना सॉफ्टवेअरमधलं डीघोस्ट ऑन करायचं.

आता खरा मुद्दा. आपल्याकडचा दगड म्हणजे बेसॉल्ट, दख्खनच्या लाव्हारसाचा, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो मुळातच काळा आहे. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला ते कळत नाही, तो सगळ्याला मधला करडा समजतो, म्हणून फ्रेममध्ये दगड जास्त असला की एक्सपोजर वाढतं आणि आकाश पांढरं पडतं. इथवर एचडीआर कामाचं आहे. तीन फोटोंवरून प्रत्यक्षात किती उजेड होता ते काढायची पद्धत पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक या संशोधकांनी 1997 मध्ये मांडली, पण तो सगळा उजेड स्क्रीनवर मावत नाही, तो दाबून बसवावा लागतो, त्याला टोन मॅपिंग म्हणतात. त्यात सॉफ्टवेअर आजूबाजूचा भाग बघून अंधार उजळवतं आणि उजेड दाबतं. काळा दगड आणि उजळ आकाश जिथे भिडतात तिथे त्याचा अंदाज चुकतो, तीच तुमची पांढरी पट्टी.

डिसेंबरमध्ये सकाळी मी जुनापाणीला गेलो होतो, काटोल रोडकडे, जिथे महापाषाण काळातली दगडांची वर्तुळं आहेत. तिथल्या काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत, बोटाचं टोक आरामात बसेल एवढे. ऊन आडवं येत होतं आणि प्रत्येक वाटीत अर्धचंद्रासारखी सावली होती, बघतच राहावं असं. घरी येऊन मी लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शॅडोज (सावल्या उजळवायचा स्लायडर) +100 केलं, क्लॅरिटी (बारीक उठाव वाढवणारा स्लायडर) वाढवली, आणि वाट्या गायब. दगडाचा कण न् कण दिसत होता पण खळगा कुठे आहे तेच कळेना, कारण खोली दाखवत होती ती सावली आणि तीच मी पुसून टाकली होती. शॅडोज +25 वर आणलं, क्लॅरिटी जवळपास शून्य, ब्लॅक्स (सगळ्यात काळे भाग) थोडे खाली, तेव्हा वाट्या परत आल्या, कडेची पट्टीपण गेली.

म्हणून काळा दगड काळाच राहू द्या, त्याला राखाडी करू नका हो. आणि दरवेळी तीन फोटो लागतातच असं नाही, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या अंधार-उजेडाचा आलेख, कोणत्याच बाजूला कापलेला नसेल तर एक रॉ फाइल पुरते, मी तर निम्म्या वेळा तेच करतो.

जुनापाणीला गेलात तर जागा संरक्षित आहे, ट्रायपॉड लावायचा असेल तर परवानगीचं आधी विचारून घ्या, दगडांवर चढू नका. सूर्य उगवताना तिथे पोचा, ऊन वर चढलं की वाट्यांमधली सावली आखडत जाते.