‘मान्य आहे, पण…’

चि. वकीलसाहेब,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या अशिलाची फाइल आणि नोटिशीचा मसुदा वाचला. त्याच्या कोटेशनमध्ये पैसे ३० दिवसांत. समोरून आलेल्या पर्चेस ऑर्डरवर ठळक अक्षरांत ‘आपले कोटेशन मान्य’ आणि मागच्या पानावर, भिंग लागेल अशा टाइपात, पैसे ९० दिवसांत. तू म्हणतोस, करार कोटेशनवर झाला, मागचं पान गैरलागू. हे टिकायचं नाही.

भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७ पुन्हा वाच. स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त हवी. नवी अट जोडली की ती स्वीकृती राहत नाही, समोरच्याचा नवा प्रस्ताव होतो. मूळ प्रस्तावही तिथेच संपतो. १८४० चा इंग्लंडमधला खटला, हाइड विरुद्ध रेंच, तुला पाठ असेलच: रेंचच्या हजार पौंडांच्या शेताला हाइड ९५० देतो म्हणाला, नकार आल्यावर हजाराला तयार झाला, पण तोवर स्वीकारायला काही उरलंच नव्हतं. नुसती विचारणा मात्र वेगळी. ‘हप्त्याने चालेल का?’ असं विचारल्याने प्रस्ताव मोडत नाही.

आपल्याकडचा निवाडा हवा तर पाडिया टिंबर विरुद्ध विशाखापट्टणम पोर्ट ट्रस्ट, सर्वोच्च न्यायालय, जानेवारी २०२१. लाकडाची तपासणी आमच्याच डेपोत व्हावी, ही पुरवठादाराची अट. ट्रस्टने देकार मंजूर केला, पण अखेरची तपासणी आमच्या स्टोअर्समध्ये होईल, असं जोडून. पुरवठादाराने ते धुडकावलं आणि बयाणा रक्कम परत मागितली. ट्रस्टने उलट नुकसानभरपाईचा दावा ठोकला, आणि खालच्या कोर्टात व उच्च न्यायालयात जिंकलाही! शेवटी सर्वोच्च न्यायालय म्हणालं, करारच झाला नव्हता. ७५,००० रुपये व्याजासह परत द्या. १९९० च्या टेंडरचा हा निकाल, म्हणजे जिंकणाऱ्यालाही तीस वर्षं थांबावं लागलं.

हा निवाडा तुझ्या बाजूने उभा करण्याचा मोह होईल. पण तिथे पुरवठादाराने एक ओंडकाही पाठवला नव्हता. तुझ्या अशिलाने ऑर्डर हातात आल्यावर, एका शब्दाची हरकत न घेता, ट्रक भरला. कलम ८ प्रमाणे प्रस्तावातल्या अटी पार पाडणं हीच स्वीकृती. म्हणजे करार झालाय, फक्त मागच्या पानावरच्या अटींवर. बारीक टाइपाला एवढं वजन मिळावं हे मलाही रुचत नाही, पण व्यापारी मंडळींनी ‘वाचलं नव्हतं’ म्हटलेलं कोर्ट फारसं ऐकून घेत नाही.

आता एकच वाट दिसते. ऑर्डरची तारीख आणि पहिल्या डिलिव्हरी चलनाची तारीख, यांच्यामधले सगळे ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज अशिलाकडून मागव. ‘पैसे मात्र ३० दिवसांतच’ अशी एखादी ओळ त्याच्याकडून गेली असेल आणि त्यानंतर त्यांनी माल उतरवून घेतला असेल, तर चित्र पालटतं. चलनावर खाली ‘३० दिवस’ छापलंय खरं, पण त्यावर भिस्त ठेवू नकोस. त्यांच्या स्टोअरकीपरचा शिक्का माल पोचल्याचा, अटी मानल्याचा नव्हे, असं ते म्हणणारच.

नोटीस तोवर पाठवू नकोस.

तुझा,
काका