बाबांची कहाणी लिहून घ्यायची आहे ना? मग हे वाच

भाऊ, लिहिणारा शोधायला एकदम पुण्या-मुंबईकडे धावू नको. यवतमाळ, अमरावतीकडचे दिवाळी अंक चाळ, तालुक्याच्या कॉलेजातल्या मराठीच्या सरांना विचार. वऱ्हाडी कान असलेला माणूस पाहिजे.

कोणी पसंत पडला की आधी एकच प्रसंग लिहायला दे, अन् त्याचे पैसेही दे. समजा, एकाधिकार खरेदीच्या काळात, म्हणजे कापूस सरकारलाच विकावा लागायचा तेव्हा, बाबा कापसाची बंडी घेऊन केंद्रावर रात्रभर रांगेत थांबले, तो. बैलांना कडबा कुठून आणला, ग्रेडरनं कापूस हातात घेऊन काय म्हटलं, चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, कधी मिळाला, हे त्यानं बाबांना खोदून विचारलं तर माणूस कामाचा. त्याऐवजी ‘काळ्या आईचं लेकरू’ छाप दोन पानं आणली, तर चहा पाजून राम राम कर.

पैसे टप्प्याटप्प्यानं, मजकूर हाती आला तसे. बाबांच्या बोलण्याच्या रेकॉर्डिंगची प्रत तुझ्याकडेच राहू दे.

अन् करार कागदावरच. गावात आपण शब्दावर चालतो, पण इथं नाही चालत. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं, नोकरीत नसलेल्या लेखकानं लिहिलेलं सहसा त्याच्याच मालकीचं असतं. तू पैसे मोजले म्हणून ते तुझं होत नाही. हक्क लेखी, सहीनिशी घ्यावे लागतात. मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात, म्हणून तीही लिही. मुखपृष्ठावर ‘शब्दांकन’ म्हणून त्याचं नाव टाकायचं की नाही, तेही तेव्हाच ठरव. माझं मत विचारशील तर टाक.